परमिटवर एकच नाव

८ नोव्हेंबर

आज सकाळी तर्री-पोह्याच्या प्लेटा हातात असताना मामांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं — आणि तिथून पुढे मी कालचा ऋषिकेश राहिलेलो नाही!

नीट लिहून ठेवतो. रुपरावमामा, आईचे मोठे भाऊ. कोराडीच्या वीज केंद्रात, स्विचयार्डात, उभी नोकरी केली. आता फुप्फुसं कडक होत चालली आहेत. त्यावर औषध नाही. नाकात ऑक्सिजनची नळी आणि घरभर त्या मशीनची घरघर. छातीच्या डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात सरळच सांगितलं — एक दिवस श्वास पुरणार नाही, भान जाईल, तेव्हा व्हेंटिलेटर लावायचा की नाही हे कोणालातरी ठरवावं लागेल. लावला तर तो पुन्हा सुटेल ही आशा धरू नका.

म्हणून आज आई-बाबांना बोलावलं होतं. मिनलताई, मामांची एकुलती एक, पुण्याहून फोनच्या स्क्रीनवर. मामा दम खात खात म्हणाले, "मले समजत नसन, तवा माह्या वतीनं कोन बोलन, ते मी ठरवलं. वकिलाकडून कागद करून राहिलो. ऋष्या बोलन."

मग बाबा हसले. "हा? याला कॉलेजवाल्यांनी तिसऱ्या वर्षी —"

"कॉलेजवाल्यांनी नाही! मीच सोडलं!" मी ओरडलोच.

"बघा," बाबा म्हणाले, "हा डॉक्टरांशी बोलणार!"

"हो," मामा म्हणाले. "हाच."

हाच! ज्या घरात मला अर्धवट म्हणतात, सिलिंडर आणायलाही दुसऱ्याला पाठवतात, त्या घरात — हाच!

स्क्रीनवर ताईचा चेहरा पडलेला दिसला. पडू दे.

मामा हे काहून करून राहिले ते सगळ्यांना माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी मामी मशीनवर होती. दिवस सरेनात. तिने नळी ओढू नये म्हणून तिचे हात पट्टीने पलंगाला बांधले होते. डॉक्टर विचारायचे, आणि मामा दर वेळी म्हणायचे — करा, जे करता येते ते करा. आज निघताना माझं मनगट धरून म्हणाले, "थे हात मीच बांधले गा."


९ नोव्हेंबर

आईने भाकर टाकता टाकता विचारलं, "तुलेच काहून?" भाजी वाढताना पुन्हा — "पन तुलेच काहून?" मी म्हटलं, कारण मी कोणाच्या बापाला भीत नाही. आई म्हणाली, "त्याचंच तं मले भेव वाटते."


१५ नोव्हेंबर

नागपुरात वकील काय कमी आहेत? जिल्हा कोर्टासमोर डोळे मिटून दगड टाकला तर वकिलालाच लागेल. पण मामांनी नोटरी शोधला तो कोण — मनोहरराव! वैभवीचे बाबा! सात महिने माझ्याशी न बोलणाऱ्या वैभवीचे! गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या गल्लीत मला पाहून "ए, गाडी काढ इथून" म्हणाले होते, तेच!

"मामा, दुसरा पाहू ना."

"काहून? चांगला मानूस आहे." आणि मिशीत हसले. म्हाताऱ्याला सगळं माहीत होतं. पक्कं!

सदरमधलं त्यांचं ऑफिस. मामा खुर्चीत, शेजारी लहान सिलिंडर, मागे मी. मनोहररावांनी चष्म्यावरून आधी मला पाहिलं, मग कागद, मग परत मला. "रुपरावजी, विचारणं माझं काम आहे. हे तुम्ही कोणाच्या दबावाखाली करत नाही ना?" — नजर माझ्यावर.

"याच्या? अहो, याले धड चाय करता येत नाई. दबाव काय टाकन!"

मग त्यांनी वाचायला घेतलं. "...माझा भाचा ऋषिकेश याच्यावर माझा पूर्ण विश्वास असून..." कारल्याचा घास तोंडात असल्यासारखे वाचत होते. मी म्हटलं, "काका, जरा मोठ्याने. मामांना कमी ऐकू येतं." मामांना मुंगी चाललेली ऐकू येते! पण तेही बेटे कानामागे हात लावून बसले. मनोहररावांना पुन्हा वाचावं लागलं — 'पूर्ण विश्वास'. मोठ्याने!

एका गोष्टीवर मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं. "दोन नावं घाला. कायद्यात चालतं. मुलीचंही घाला. पुढे घरात वाद नको."

"नाई," मामा म्हणाले. "परमिटवर एकच नाव राहते."

"परमिट?"

मामांनी समजावलं. श्वासासाठी मधे मधे थांबत. विजेच्या लाइनवर काम करायचं तर आधी ती बंद करून घ्यावी लागते. ज्याच्या नावाने परमिट निघालं त्याने स्वतः येऊन ते परत केल्याशिवाय लाइन चालू होत नाही. मोठा साहेब येऊन ओरडला तरी नाही. "दोन नावं टाकली, का एक म्हनते झालं काम, करा चालू — अन् दुसरा अजून तारेवरच राहते."

मनोहररावांनी पेन पुन्हा उचललं. एकच नाव राहिलं. माझं!

साक्षीदार दोन लागतात. एक बाजूच्या ऑफिसातले गृहस्थ आले. आणि दुसरा — वैभवी आली! मिहानमधल्या तिच्या ऑफिसला शनिवारची सुट्टी, बाबांचा डबा घेऊन आली होती. मला पाहून दारातच थबकली. "वैभू, वाचून घे आणि साक्षीदार म्हणून सही कर," तिचे बाबा म्हणाले. तिने नुसती सही केली नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग मामांजवळ वाकली, "काका, तुमच्या मनाने ना?"

"एकदम मनानं, पोरी."

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. सात महिन्यांनी राग नसलेलं पाहणं!


तीच तारीख, संध्याकाळ

तिची सही आणि माझी सही. एकाच कागदावर. खाली तिच्या बापाचा शिक्का!!


१९ नोव्हेंबर

नियमाप्रमाणे एक प्रत महापालिकेत दिली, एक छातीच्या डॉक्टरांच्या फाइलला, एक माझ्या गाडीच्या डिक्कीत प्लास्टिकमध्ये. रोहितच्या गॅरेजवर काम करताना मधेच उठून डिक्की उघडून पाहतो. रोहित म्हणाला, "काय बे, आत पोट्टीचा फोटो आहे काय?" त्याला काय कळणार.

दुपारी मिनलताईचा फोन. "ऋषी, मी त्यांची मुलगी आहे."

"मग?"

"मग मला कोणी काही विचारणारच नाही का?"

"परमिटवर नाव माझं आहे, ताई."

तिने फोन ठेवला. बरोबरच बोललो. मामांनी विचार करूनच एक नाव ठेवलं असेल ना?


२४ नोव्हेंबर

खापरी मेट्रो स्टेशनबाहेर वैभवीची वाट पाहत उभा राहिलो. आली. पळाली नाही. मी म्हटलं, "आता तरी बघ, माझ्यावर कोणीतरी भरवसा ठेवते."

"खूप छान वाटलं मला, खरंच," ती म्हणाली. "पण ऋषी, तू कॉलेज अर्ध्यात सोडलंस. क्लास अर्ध्यात. इकडची, मिहानमधली नोकरी तर आठवडाभरही नाही. भांडण मात्र तेवढं पूर्ण करतोस. उद्या तिथे रागाने निघून आलास तर? त्या काकांचं कोण?"

डोकं सणकलं! "तुझ्या बापाने शिकवलं का हे?" म्हणालो आणि ती बोलत असतानाच गाडीला किक मारली. वर्धा रोडवर अर्ध्या वाटेत लक्षात आलं — हेही अर्ध्यातच सोडून आलो. परत गेलो. ती गेली होती.


३० नोव्हेंबर

आज मामांना विचारूनच टाकलं. ते माझ्यासाठी संत्रं सोलत होते. नरखेडहून शेतातली पेटी आली आहे. त्यांना स्वतःला दोन फोडींत दम लागतो.

"मामा, मीच काहून? मी भांडतो म्हणून?"

"भांडनारे लय आहेत."

"मी जास्त जीव लावतो म्हणून?"

"मिनल काय कमी लावते?"

"मग?"

"तुले अर्ध्यातून सोडता येते, म्हनून."

उठलोच. हेल्मेट उचललं. घरचे टोमणे मारतात, वैभवी मारते, आणि आता हे पण! ज्यांच्यासाठी मी —

"बस," मामा म्हणाले. "सारं आयकून जाय. मंग जाय." बराच वेळ नुसता श्वास घेतला. "आपल्या खानदानात कोनी काही सोडलं नाई गा. तुह्या बापाले त्या शाळेत शिकवनं कदी आवडलं नाई. तरी जाते. मी तुह्या मामीच्या वक्ती — मले दिसत होतं, हे काही खरं नाई. पन बस म्हनता आलं नाई. लोक काय म्हनतीन? बायकोले सोडून देल्लं? तू एकटा निघाला. भर तिसऱ्या वर्षी उठला, साऱ्यायनं शिव्या देल्ल्या, तरी मान वर करून फिरते. सोडाले बी छाती लागते. आमच्यापाशी नव्हती."

मी फोड तोंडात घातली. हेल्मेट परत खाली ठेवलं.

तीन वर्षं ज्यावरून तोंड लपवत आलो, तेच या माणसाने समोर ठेवून माझी निवड केली! परत येताना मानकापूरच्या सिग्नलवर एकटाच मोठ्याने हसलो. शेजारच्या ऑटोवाल्याने विचारलं, "क्या हुआ भाई, लॉटरी लगी क्या?" लगी!


८ डिसेंबर

विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं. शहरात जिकडे तिकडे बॅरिकेड, मंत्र्यांच्या गाड्या. थंडी वाढली तसा मामांचा श्वास आणखी आखूड झाला आहे.

आज त्यांनी माझी रंगीत तालीम घेतली! "मी डॉक्टर. तू तू." गंभीर चेहरा केला. "पेशंटची हालत नाजूक आहे. व्हेंटिलेटर लावू का?"

"नाही! कागद आहे माझ्याजवळ! हात तर लावून दाखवा —"

"अबे, डॉक्टर चोर आहे का? थो इचारून राहिला बिचारा. पुन्हा."

दुसऱ्यांदा पण ओरडलो. तिसऱ्यांदा मामा म्हणाले, "माह्या तोंडाकडं पाहून सांग." त्यांच्याकडे पाहिलं. नाकातली नळी, मिशी, खोल गेलेले डोळे. "नाही," म्हणालो. आवाज फुटला. लहान पोरासारखा.

"हां," मामा म्हणाले. "आता आलं."

मग म्हणाले, "परमिट परत कराच्या आधी काय करा लागते, माहीत आहे काय?"

"सही."

"सहीच्या आधी. आपली मानसं पाहा लागते. सारी खाली उतरली का. एक बी वर असन, तं परत करायचं नाई."

"पण मी तर एकटाच आहे ना. तुम्हीच एक नाव ठेवलं."

मामांनी कपाळाला हात लावला. "नाव एक राहते, येड्या. मानसं एक नाई राहत."

काय म्हणायचं होतं ते नीट कळलं नाही. चहा केला. त्यांनी नावं ठेवत ठेवत सगळा प्यायला.


११ डिसेंबर

थंडी वाढल्यापासून रात्री मामांकडेच झोपतो. आज सकाळी ते उठले नाहीत. हलवलं, हाका मारल्या, डोळे अर्धे उघडे पण आत कोणी नाही. अ‍ॅम्ब्युलन्स. मोर्चामुळे रस्ता बंद; मी खाली उडी मारून पोलिसाशी भांडायला गेलो, तर त्याने न भांडताच बॅरिकेड ओढलं.

धंतोलीतला दवाखाना. डॉक्टरांनी मला बाजूला नेलं. कागद वाचला. "आमच्या तिघा डॉक्टरांचं बोर्ड बघेल. मग दुसरं बोर्ड, त्यात बाहेरचे डॉक्टर असतात. दोघांचं एकमत झालं की तुमचा शब्द. तोवर मास्कवर ठेवतो." किती मऊ आवाज! मी केवढी तयारी करून आलो होतो — आणि भांडायला समोर कोणीच नाही.

आणि तेव्हा माझ्या तोंडात काय आलं? करा, जे करता येते ते करा. अख्खं वाक्य, दातांपर्यंत आलेलं! मामांचंच!

गिळलं. बाहेर येऊन नळाखाली डोकं धरलं.


१२ डिसेंबर

मिनलताई पहाटेच पोचली. डॉक्टरांनी "नातेवाईक या" म्हटलं. तीही उठली. मी दारात आडवा आलो. "नाव माझं आहे." ती मागे फिरली. बाकावर बसली. मामांचा मफलर मांडीवर घेऊन.

दुपारी मनोहरराव आले. रस्ते बंद म्हणून मैल-दीड मैल चालत, काळा कोट घामाने भिजलेला. "हा कागद माझ्यासमोर झालाय," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. मग माझ्याकडे वळून, "आणखी कुठे काही लागलं तर फोन करा, ऋषिकेशराव." राव! दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी पेढे वाटले असते. वैभवीचा मेसेज — "जेवलास का?" उत्तर नंतर देईन.

संध्याकाळपर्यंत दोन्ही बोर्डांनी लिहून दिलं. सुधारणा होणार नाही. मशीन लावली तर फक्त दिवस वाढतील. डॉक्टर म्हणाले, "आता तुम्ही सांगा."

मी तोंड उघडलं. आणि दाराच्या काचेतून ताई दिसली. बाकावर. मफलर घट्ट धरून. सकाळपासून तिथेच.

एक माणूस अजून वरच होतं.

"डॉक्टर, थोडं थांबा," म्हणालो.

ताईजवळ जाऊन बसलो. "ताई, चुकलो."

"मला कागदावर नाव नको होतं रे," ती म्हणाली. आणि मग सगळं पुणं गळून पडलं तिच्या तोंडातून. "मले फक्त कोनीतरी इचारा लागत होतं, ऋष्या. आईच्या वक्ती बी नाई इचारलं. आता बी नाई."

"आता इचारतो. काय करू?"

ती पहिल्या झटक्यात म्हणाली, "लाव. लावून टाक." मी हो-नाही काही केलं नाही. बसून राहिलो. समोरून स्ट्रेचर गेलं, चहावाला गेला, कोणाचं तरी नातलग फोनवर रडत गेलं. माझ्यासारखा माणूस इतका वेळ गप्प बसला! ताई मफलरचे दोरे ओढत राहिली. मग एकदम स्वतःच्या मनगटांकडे पाहून म्हणाली, "आईले पट्टीचे वळ पडले होते. आठवते तुले? आंघोळ घालताना पाहिले मी."

"हो."

"बाबाचे नको बांधू देऊ."

मी तिचा हात धरून तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो.


१३ डिसेंबर

"नाही," म्हणालो. तालमीत आला होता तेवढाच आवाज आला. पुरला.

त्यांनी मास्क काढला, जीव घाबरू नये म्हणून औषध दिलं, ऑक्सिजनची पातळ नळी तेवढी ठेवली. मामांचे दोन्ही हात चादरीवर मोकळे. एक ताईच्या हातात. मी दुसऱ्याला स्पर्श केला, कानाशी वाकलो. "मामा, सारे खाली उतरले."

श्वास चालू होता. शेवटपर्यंत थांबायचं होतं मला, जीव तोडून थांबायचं होतं! पण ताई सारं आयुष्य बापाजवळ एकटी कधी बसली असेल?

अर्ध्यातूनच उठलो. मान वर करून. बाहेर आलो आणि हळूच दार लावून घेतलं.